माया

सोलोलाकीच्या चढावर, तळघरात माझं दुकान.
खिडकीतून माणसं गुडघ्यापर्यंतच दिसतात,
म्हणून गिऱ्हाईक मी आधी बुटांवरून ओळखते.

लमाराच्या बुटांना रिओनी नदीचा गाळ होता,
वाळून पांढरा पडलेला.
मागून दोन सुटकेसा आल्या,
एकीचं कुलूप मोडलेलं, सुतळीनं आवळलेली.

"एतेरी, एकसष्ट कपडे आहेत. बारा ठेवायचेत.
आणि बाराजणांचं आपसात पटलं पाहिजे.
कुणीही कुणाचा हात धरून बाहेर पडावं."

म्हटलं, आमच्या अंगणातल्या बारा बिऱ्हाडांचं
चाळीस वर्षांत पटलं नाही.

हसली नाही ती. बोटं मोडत सांगू लागली:
महिन्याचे पंधरा दिवस नदीकाठी,
पहाटे, कमरेएवढ्या गवतातून, पाण्याची पातळी मोजायला.
उरलेले दिवस कचेरी,
तिथला हीटर साहेबांच्या पायांशी.
गुरुवारी गायनवृंद, ती खालच्या पट्टीत.
"आणि अंत्यविधी.
या वयात लग्नांपेक्षा तेच जास्त, एतेरी."

तिबिलिसीत काळा रंग दुःखाला चालतो,
नाटकाला चालतो,
कोथिंबीर आणायलाही चालतो.
तेव्हा काळ्यापासून सुरुवात केली.

सतरा कपड्यांची घडीच मोडलेली नव्हती.
उघड्या पाठीचा झगा, पांढरी विजार,
उन्हाळी टोपी, किमतीच्या चिठ्ठीसकट.
"हे कुणाचे?"
"माझेच. म्हणजे, बार्सिलोनाला जाणार होती ना, तिचे."
"ती असते कुठे हल्ली?"
"गेलीच नाही."
मी ते सतरा बाजूला सारले. तिनं पाहिलं नाही,
सुतळीची गाठ सोडवत बसली.

मग मी उरलेले एकेक उलटे करत गेले.
कपडा सुलट बाजूनं कुणालाही फसवतो.
नव्यांच्या शिवणी कडेला कातरून आवळलेल्या,
आत माया म्हणून सूतभर नाही.
अंगानं जरा श्वास घेतला
की टर्रकन उसवायच्या.
दोन बऱ्या निघाल्या, लोकरीच्या. एक घागरा.
एक विजार, गुडघ्याला ठिगळ लावून.

तळाशी कोट होता, तिच्या आईचा,
कुतैसीत शिवून घेतलेला.
लमाराला तो खांद्यात बसेना, छातीवर मिटेना.
"दे टाकून," म्हणाली, जरा घाईनं.

मी अस्तर उसवलं.
दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं माया.
जुन्या घडीवर कापडाचा मूळ रंग,
पिकल्या जांभळाचा. बाहेर तो कधीच काळा झालेला.
कुणीतरी शिंपीण, नाव लमाराला आठवत नाही,
टेप गळ्यात टाकून त्या सडपातळ मुलीकडे बघून
मनाशी म्हणाली असेल:
ही बाळंत होईल, दुःखात पाव खाईल,
थकेल, पसरेल. असू दे तीन बोटं.
तिचा हिशेब एक पिढी चुकला, एवढंच.

गुरुवारपर्यंत कोट सोडून दिला.
लमारानं घातला, बटणं लावली, हात वर केले,
जणू नदीत पट्टी धरायची आहे.
काही बोलली नाही. खिशात हात घातला तर
लिफ्टचं जुनं नाणं निघालं.

अकरा जमले होते. बाराव्यावरून वाजलं.
मोहरीच्या रंगाचं जाकीट, कोपरावर त्केमालीचा डाग,
काळ्याला शोभत नाही, घागऱ्याशी भांडतं.
"याचं कुणाशीच पटत नाही, लमारा. नियम तुझाच."
"नदीकाठी मी एकटीच असते," म्हणाली,
आणि ते स्वतःच घडी करून
सगळ्यांच्या वर ठेवलं.

एक सुटकेस घेऊन गेली. दुसरी इथेच आहे,
शिवणयंत्राखाली, पायात येते.
पैसे पुढच्या महिन्यात देईन म्हणाली.

खिडकीत तिचे बूट चढाकडे वळले,
वर कोटाची दुमड, तेवढीच दिसली,
डावीकडे अर्धं बोट खाली आलेली.
हाक मारणार होते.
मग सुईत दोरा ओवत राहिले.