नमुना लहान आहे

टोपीला एकोणीस भोकं असतात.
प्रत्येकातून मी थंड जेल सोडते
लोकांच्या भांगात, टाळूवर, कानामागे,
आणि सांगते, डोळे मिटा, जबडा सैल सोडा,
घरचा विचार आला तर येऊ द्या.
सेनापती बापट रस्ता, तिसरा मजला.
लिफ्ट बंद असली की
निम्मा व्यायाम जिन्यातच उरकतो.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं पट्ट्यावर पळायचं.
दुसऱ्या दिवशी सायकल, जी कुठेच जात नाही.
तिसऱ्या दिवशी तुमच्या मनाचं काहीही.
दर वेळी नंतर टोपी,
आणि पडद्यावर एकोणीस रेघा
एका बाकावर कोंबलेल्या पोरांसारख्या
एकमेकींना ढोसत.

क्रमांक सात, ज्ञानोबा कुदळे, वय अडुसष्ट,
स्वारगेट डेपोत इंजिनं उघडण्यात हयात गेलेली.
पट्ट्यावर असे चालले
जसं कुणी रॉकेलच्या रांगेत सरकतं.
रेघा केसाळ, वैतागलेल्या.
"बाई, हा व्यायाम नव्हे, ही हजेरी आहे."
तिसऱ्या दिवशी रिक्षात आडवी घालून
मुद्गलांची जोडी आणली,
मुठी तेला-घामानं काळ्या झालेल्या.
खांद्यावरून पाठीमागे, पाठीमागून समोर,
खोलीतली हवा अख्खी कुशीवर वळली.
मग टोपी. मग डोळे.
अल्फा आली.
सेकंदाला दहा, संथ, गोल,
मागच्या डोक्यातून पुढे सरकत,
जशी शेवटची बस बंद केल्यावर
डेपोत शांतता पसरत असेल.

आणि त्याच पट्ट्यावर, तेवढ्याच वीस मिनिटांत
ओसवालांचा तनय सुखानं वितळला,
तो तळजाईवर रोज पहाटे पळणारा.
शमीम बागवान पोहून ओल्या केसांनी आली,
जेल टिकेना, पण रेघ टिकली.

आवडतं म्हणून मेंदू निवतो
की निवतो म्हणून आवडतं?
सर म्हणाले, नमुना लहान आहे.

मला स्वतःला व्यायाम आवडत नाही.
जिमचे पैसे दोनदा भरले, दोनदा बुडवले.
नवरा पहाटे वेताळ टेकडी चढून येतो
आणि तोंडावर असा उजेड घेऊन येतो
की चहा देताना राग येतो.

फेब्रुवारीत सर परिषदेला गेले
तेव्हा आरशात बघत टोपी मीच मला घातली.
पट्टा. कुदळ्यांपेक्षा वाईट.
सायकल. तेच, वर गुडघा दुखला.
तिसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन बसले.
"मनाचं काहीही", पुढे रकाना.
तो मीच छापून घेतला होता.
आठ वाजले तरी कोरा.

मग खडकीची शाळा आठवली,
कारखान्याच्या भोंग्याआधीचा अर्धा तास,
चुन्याचा चौकोन, आणि लंगडी.
एका दमात मी सात जणी टिपल्या होत्या.
तेव्हा डोक्यात काय असायचं?
काहीच नाही. तेच तर.

ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या.
तारा वेणीसारख्या पाठीवर,
वय एक्कावन्न, डावा पाय दुमडलेला,
आग विझवायच्या लाल नळकांड्यापासून
वॉटर कूलरपर्यंत, वळून परत, वळून परत,
फरशी तळव्याला थाड थाड ओळख देत.
जिन्यात रात्रपाळीचे गायगोले उभे,
हातात टॉर्च, न पेटवलेला.
मी थबकले.
त्यांनी काही विचारलं नाही.
नीट खाली पाहिलं आणि म्हणाले,
"मॅडम, पाय टेकला."

मागची एक तार सुटली होती.
नियमानं, नोंद बाद.
उरलेल्या अठरा रेघा मी बराच वेळ बघत बसले.
त्यांच्याबद्दल काही सांगणार नाही.
नमुना
फारच लहान आहे.