बैठक

खोक्यातून निघाले ते कोवळ्या केळीच्या पानाच्या रंगाचे,
तिन्ही शॉक्स. पुढचे दोन, मागचा एक.
प्रत्येकाच्या कुशीला नळीनं जोडलेली छोटी बाटली.
"आत गॅस आहे," निजाम आत्तार म्हणाला,
"उगाच हात लावू नको,
आणि किंमत परत सांगू नको,
मला रात्री झोप लागत नाही."

देगाव फाट्याला त्याची पत्र्याची शेड.
विटांच्या थप्पीवर माझी क्वाड,
चाकं लोंबतायत
बाजारात पायाला धरून नेलेल्या कोंबडीगत.
पाचगणीचं एक रिसॉर्ट बंद पडलं तेव्हा उचललेली,
मी आणि दौलतनं, निम्मे निम्मे.

जुने शॉक्स काढले.
मागच्याचं सील फुटलेलं, तेल कधीचंच संपलेलं.
दांडा दाबला तसा खाली गेला
आणि तिथंच राहिला, दुपारच्या झोपेतल्या माणसासारखा.
"हा जाऊन दोन वर्षं झाली.
तू चालवत कशावर होतास?"
मी कमरेवर हात ठेवला.

"वजन?"
बहात्तर, म्हणालो.
त्यानं बंपरपासून फरशीपर्यंत टेप धरला,
म्हणाला, बस.
बसलो.
टेपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
"बहात्तर तुझ्या लग्नात असशील."

मग आकडी पाना घेऊन
स्प्रिंगवरची रिंग पीळ पीळ चढवत बसला.
"हिला आम्ही बैठक म्हणतो.
नुसतं बसल्यावर गाडी किती दबते, तेवढंच.
खड्डे, उड्या सगळं नंतर.
पहिलं नुसतं बसणं जुळलं पाहिजे."

"मागं कोण असतं?"

शेडच्या मागं कुणीतरी पत्रा कापत होतं.
ते थांबेपर्यंत मी थांबलो.
कोणी नाही, म्हणालो. पूर्वी असायचा.
कतारला असतो आता, क्रेनवर.

निजामनं काही विचारलं नाही.
चढवलेल्या रिंगेचे दोन पीळ
तेवढे उलटे सोडले.

रविवारी ठोसेघरवरून चाळकेवाडीच्या सड्यावर.
पवनचक्क्यांचा रस्ता संपतो
तिथून जांभ्या दगडाची ती वाट,
ज्वारीची भाकरी वाळून तडकावी तशी.
तिसऱ्या पंख्याखाली एक चर आहे,
हातभर खोल. मला तारखेसकट पाठ.
तिथं दौलत मागून ओरडायचा, "दात!"
आणि आम्ही दोघं दात आवळायचो.

आवळले.
पुढची चाकं गेली, मागची गेली,
खालून काहीतरी दबल्यासारखं झालं
आणि सावकाश, अगदी सावकाश
गाडी आपल्या उंचीवर परत आली.
दणका आलाच नाही.
मी पुढं बराच वेळ
आवळलेले दात घेऊन चालवत राहिलो.

टोकाला थांबलो. वाऱ्यानं हेल्मेट सरकत होतं.
खाली उरमोडीचं पाणी, उन्हात जस्ताच्या पत्र्यासारखं.
रेंज आहे म्हटल्यावर व्हिडिओ लावला,
त्याला शॉक्स दाखवले, तो रंग दाखवला,
चर दाखवला, पुन्हा एकदा त्यातून जाऊन दाखवला.

त्याच्या मागं नुसती वाळू आणि लोखंड.
बघत राहिला. मग म्हणाला,
"उडत नाही होय रे आता?"
नाही.
"मग मजा काय त्यात?"
आणि हसला, आणि नेट गेलं.

निजामनं सांगितलेलं,
मागच्या शॉकच्या बुडाशी एक स्क्रू आहे,
दणका खाल्ल्यावर गाडीनं किती घाईनं वर यायचं
ते तो ठरवतो. बारा टिचक्यांवर ठेवलाय.
हलवू नको.

मी गाडीच्या बाजूला गुडघ्यावर बसलो.
खिशात नाणं होतं, दोन रुपयांचं.
खाचेत बसलं.
टिच.
टिच.
अजून एक, म्हटलं, त्याच्या नावाची.

मग चराकडं तोंड करून
चाक वळवलं.