दहापर्यंत

फाइलीत लिहिलं होतं :
हरेश्वर कोळी, दिवाळे गाव, बेलापूर. वय त्रेचाळीस.
खाली, वेगळ्या शाईत,
बौद्धिक वय सहा.

मी सहाचीच तयारी करून गेले.
पर्समध्ये दोन चॉकलेटं, आवाजात साखर.
दारात उभा होता एक पुरुष,
कानशिलं पांढरी,
हनुवटीवर दाढी करताना लागलेलं पातं.
"काय म्हणतंय आमचं बाळ?"
त्याने मागे वळून पाहिलं,
घरात कुणाचं बाळ आलंय का ते.

मग बुटाची नाडी.
एक फास. दुसरा फास. सुटला.
पुन्हा एक.
नेरुळच्या वर्कशॉपला जायचं, नऊ पाचची बस,
मी वाकले, बांधूनच टाकली.
तो काही बोलला नाही.
पायरीवर बसला, माझी गाठ सोडवली,
पहिल्यापासून सुरू केलं.
बस गेली.

त्याची आई सुकट निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
"सगली घाईनच येतान गो.
त्याला इचार, नि मनान धा मोज."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये विचारलं,
"खिडकीत बसायचं?"
एक. दोन.
तीनला माझी जीभ वळवळली.
सहाला फाइलीतला सहा आठवला.
कंडक्टर तिकीट तिकीट करत येऊन गेला.
नऊला हरेश्वर म्हणाला,
"बाबा बसायचे तिथं. तू बस."

फाइलीत वडिलांच्या रकान्यात
एकच शब्द आहे : मयत.

स्टॉपवरच्या बायका म्हणतात, देवाचं लेकरू.
लेकरू माझी बॉलपेनं ढापतं, आजवर चार.
मिक्सर लागला की कान दाबून शिव्या देतं.
पगाराच्या दिवशी पाकीट तीनदा मोजतं,
शंभरच्या नोटा वेगळ्या ठेवायला
आम्ही अजून शिकतोय.
आम्ही म्हणजे, तो नोटा,
मी हात मागे बांधून उभं राहणं.
ते मला अजून नीट जमत नाही.

आज नवी मुलगी आलीय, कळव्याची, संयोगिता.
तिच्याही पर्समध्ये चॉकलेट असणार.
मला हळूच विचारते,
"मॅडम, ह्यांना कितपत कळतं?"
त्यांनाच विचार, मी म्हटलं.

विचारलंय तिने.
हरेश्वर तिच्याकडे बघतोय,
ती माझ्याकडे.
चार.