कर्ता

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची.
बाबा गेल्यापासून परवाना माझ्या नावे.
जुन्या सतरंजीत गुंडाळलेली दुनळी
ऑटोच्या मागच्या सीटवर, माझ्या मांडीशी,
गोकुळपेठेतून सदरपर्यंत
दवाखान्यात न्यायच्या आत्यासारखी.
ऑटोवाला आरशातून विचारतो, काय आहे बाई?
मी खरं सांगते.
तो पुढे भाव करत नाही.

सदुसष्टचा मार्च. उमरेडच्या पलीकडचं रान.
मोहाची फुलं टपटपत होती,
हाका थांबला होता
आणि करवंदीच्या जाळीमागं काही हललं.
सांबर, असं चौघांनाही वाटलं.
सुकरू उईके होता,
पळसाच्या पानातली भाकर सोडायला बसलेला.

मेयो इस्पितळापर्यंत जीपमध्ये
मंडळी वाक्यं जुळवत राहिली:
बार उडाला. गोळी सुटली.
घोडा सैल होता. अंधार पडला.
मी शाळेत व्याकरण शिकवते.
कर्त्याच्या जागी बार बसलेला,
गोळी बसलेली, घोडा, अंधार,
माणूस तेवढा कुठं नाही.

बाबांनी जबाबात सांगितलं,
मी झाडली. न बघता.
ते 'न बघता' जमादार लिहीत नव्हता,
म्हणे, कशाला साहेब, उगाच.
बाबा उठले नाहीत, लिहीपर्यंत.

सुकरू जगला. डावा हात खांद्यातून गेला.
त्यानं माफ केलं का, ठाऊक नाही.
बाबांनी कधी विचारलं नाही.

रानात परत गेले नाहीत, बंदूक मात्र विकली नाही.
रविवारी तेल द्यायचे, मला शेजारी बसवून.
नळी माणसाकडं नको.
बोट चापावर नको.
आणि रिकामी आहे असं कुणी म्हटलं,
मी म्हटलं तरी,
उघडून बघ.

"रिकामीच असंन ना मॅडम?" शिपाई विचारतो.
मी मोडून धरते, खिडकीकडं.
दोन नळ्यांत दोन कडुलिंब,
मे महिन्याच्या उन्हानं पांढरे पडलेले.
तुम्हीही बघा, म्हणते.
तो हसतो. मग एक डोळा मिटून बघतो.

पावतीवर लिहितो: हत्यार जमा झाले.
'मी जमा केले' करा,
आणि खाली पूर्ण नाव घाला,
बाबांच्या नावासकट.
"एकच तं हाये बाप्पा," तो पुटपुटतो,
मागं रांग वाढलेली,
पण खोडतो.