दोन कोटेशनं

मूनबाई पोस्टातून रिटायर झाल्या त्याला नऊ वर्षं झाली,
अजून कागदाच्या पाठकोऱ्या बाजूलाच लिहितात.
मला बोलावलं सतरा एप्रिलला,
पारा पंचेचाळीस, कुत्री नालीत.
"दिवाकर, मले दोन कोटेशनं पाह्यजेत.
एक हवेचं, एक जमिनीचं."

हवेचं सोपं.
दीड टनाची मशीन बेचाळीस हजार,
स्टॅबिलायझर वेगळा, कारण आमच्या फीडरचं व्होल्टेज
रोज संध्याकाळी देवदर्शनाला जातं.
भिंतीला भोक पाडायचे तीनशे, ते मी सोडले.
उन्हाळ्याचं बिल दहा हजार धरा.
बाहेरचा डबा खोलीतली आग उचलून
उरकुड्यांच्या बकऱ्यांवर ओतणार,
त्याला कोटेशनात रकाना नसतो.

जमिनीचं मी कधी केलं नव्हतं.
चित्र त्यांच्याकडेच होतं, वहीत चिकटवलेलं:
दहा फूट खोल चर, त्यात साठ मीटर पाइप,
एका टोकाला पंखा, दुसरं टोक उशाशी.
वर काहीही पेटो,
खाली माती सत्तावीस-अठ्ठावीसवर मांडी घालून बसलेली.

नत्थूला विचारलं. जेसीबीच्या टायरला टेकून तो म्हणाला,
"चार फूट काळी, मंग मुरूम, मंग दगड.
दगडाले ब्रेकर. ब्रेकरचा तास बावीसशे."
दगड नाही लागला तर?
"लागतेच."

एक लाख चाळीस.
आकडा मी पेन्सिलने लिहिला.

खरं सांगायचं तर मला हवेचंच विकायचं होतं.
दर मार्चला मी त्यांच्या कूलरचा वाळा बदलतो,
मोटर वाइंड करतो, टाकीचा गंज खरवडतो.
असे एकशे दहा कूलर, त्यावर माझं घर.
ज्यात बिघडायला काही नाही
त्यात मिस्त्रीनं काय खावं?

"फरक किती वर्षांत निघते?"
अकरा, मी म्हटलं. आणि लगेच वाटलं, उगाच म्हटलं.
त्या एकोणसत्तरच्या.
बोटं टेबलावर ठकठक, शिक्का मारल्यासारखी.
"ऐंशीच्या म्हाताऱ्यायले मी किसान विकास पत्र विकले, दिवाकर.
एकानंही नाही विचारलं
का दुप्पट होईन तवा मी असीन का."

चर खणायला घेतला.
काळ्या मातीच्या भेगा चार फुटांवर मिटल्या,
मुरूम आला, ओलसर, विटकरी,
दुपारी दीडला नत्थूनं मशीन बंद केली
आणि डबा घेऊन सरळ चरात उतरला.
मग त्याचा पोरगा. मग उरकुडे. मग मी.
पाठ मातीला लावली
आणि कोणीच काही बोललो नाही.
वर लू धावत होती, एखाद्या वऱ्हाडासारखी,
आम्हाला न विचारता.
नत्थूनं कांदा फोडला. त्याचाही आवाज गार.

सात फुटांवर दगड लागला.
ब्रेकरनं दोन तास दात घासले, वीतभर सरकलं,
बाई म्हणाल्या, पुरे. इथंच टाक.
म्हणजे पाइप दहावर नाही, सातावर.
बावीस मेला बाहेर सत्तेचाळीस,
उशाशी थर्मामीटर धरला: एकतीस.
चित्रात यापेक्षा कमी होतं.
मी मान खाली घातली.
त्यांनी चादर पायांवर ओढली.

एसीवाली खोली नाही ती.
दात वाजत नाहीत, काचा धुकत नाहीत.
माठाजवळ बसल्यासारखं, एवढंच.

कोटेशनांच्या मागे आता दुधाचा हिशेब आहे,
हवेच्या मागे जून, जमिनीच्या मागे जुलै.
बकऱ्या भिंतीला लागून बसतात.
मार्च आला की मी सवयीनं जातो,
सायकलला वाळ्याची गुंडाळी तशीच बांधलेली.
पंख्याला तेलाचे दोन थेंब,
जाळीतून एक वाळकं पान, एक मेलेला नाकतोडा.
"किती झाले?"
वीस, मी म्हणतो.
त्या सुटे मोजून देतात, आणि पावती मागतात.