दांडीवरची जागा

धडगावकडून आलेल्या एका पावरा बाईकडून
तीन तलंगा घेतल्या.
पाय बांधलेले, पिशवीतून डोकी बाहेर,
एक राखी, दोन तांबूस.
भाव करताना ती हसली नाही.
पैसे कमरेला खोचल्यावर तेवढं म्हणाली,
आठ दिवस दिसू दे एकमेकींना, शिवू देऊ नको.

मग परसात जुन्या खाटेचा सांगाडा आडवा केला,
त्यावर जाळी ताणली.
अलीकडे माझ्या पाच, पलीकडे या तीन.
पाच जणींत मामलेदारीण थोरली,
मान पितळेची, तुरा एका अंगाला कललेला.
तिनं खाल्ल्याशिवाय कणीला कुणी चोच लावत नाही.
मग काळी, मग लंगडी, मग ती बिननावाची,
आणि सगळ्यात शेवटी बोडकी.
तिच्या मानेवर पिसं टिकत नाहीत,
कारण चौघी टिकू देत नाहीत.

मी पथारीवर मिरचीचे देठ खुडते.
नंदुरबारच्या या अंगाला जानेवारीत जमीन दिसत नाही,
लालच लाल, आणि माणसं शिंकत चालतात.
संध्याकाळी अंगणात पदर झटकला
की कोंबड्या धावत येऊन बिया टिपतात.
त्यांच्या जिभेला काही लागतच नाही.
माझी बोटं रात्री पाण्यात बुडवून ठेवावी लागतात.

नवव्या दिवशी जाळी काढली.
वाटलं होतं, मामलेदारीण धावेल.
धावली बोडकी.
उघडी मान ताठ करून
राखीच्या पाठीवर अशी चढली
की जन्मभराचं तेवढ्यात फेडायचं होतं.

मला हसू आलं नाही.
या गल्लीत नवीन होते तेव्हा
हापशावरचा माझा हंडा लाथेनं सरकवला
तो पुढच्या कुणी नाही, कोकिळानं.
माझ्या आधी वर्षभर
शेवटचा हंडा तिचाच असे.

सुपडू आजोबा ओट्यावरून सगळं बघत होते.
म्हणाले, बय, दिवसा नही.
रातले ठेव त्यास्नामा.
सकायले कोन नवं, कोन जुनं, कोनले याद ऱ्हास?

रात्री मोबाइलच्या उजेडात
एकेकीला छातीशी धरून
खुराड्यातल्या बांबूवर बसवलं.
झोपेतल्या कोंबडीचं वजन वेगळंच असतं.
कुणीतरी कुर्र केलं, दोघी सरकल्या,
मग नुसती ऊब.

आजोबांचं खरं ठरलं, साधारण सातपर्यंत.
मी चहा गाळत होते,
तोवर राखीचा तुरा फाटलेला
आणि मामलेदारणीच्या चोचीवर लाल.
माझ्या हातांना कालची मिरची.
कोंबडीला तिखट लागत नाही, ठीक आहे,
पण जखमेचं कुणी सांगावं?
चेतनाला उठवलं. तिनं शाळेच्या गणवेशात
तेलात कालवलेली हळद लावली
आणि गणवेशालाही लावली.

मामलेदारणीला डालग्याखाली कोंडलं.
चार दिवस. वर पाट्याचा दगड.
फटीतून एक डोळा माझ्याकडे असायचा.
तिला कणी घालताना मी
दुसरीकडे बघायचे.

पाचव्या दिवशी डालगं उचललं.
ती रुबाबात आली, नेहमीसारखी सरळ कणीकडे,
आणि काळीनं तिला टोचलं.
मग लंगडीनं. मग बोडकीनंसुद्धा.
ती थांबली. एक पाय वरच राहिला,
पुढे टाकावा की मागे, ते तिला ठरेना.
हे मीच केलं होतं.
राखीसाठी केलं होतं, असं चेतनाला सांगितलं.

आता राखी अंडं घालते,
खुराड्यात नाही, माझ्या चपलांच्या खोक्यात.
हापशावर मी बहुतेक मधे कुठेतरी असते.
मागे कोण उभं आहे, बघत नाही.

काल रात्री पुन्हा उजेड टाकून मोजल्या. आठ.
बांबूच्या पार टोकाला, जिथं वारा लागतो,
मामलेदारीण,
आणि तिला टेकून राखी.
कोण कुणाला टेकलं होतं, कळेना.
मी उजेड बंद केला,
आत येऊन
बोटं पाण्यात घातली.