पेव

पेवात माणूस उतरण्याआधी कंदील उतरायचा.
हुक्केरीकडं आमच्या गल्लीत हे पोराटोरांनाही ठाऊक.
कल्लाप्पा काका दोरी सोडत सोडत वाकून बघायचा.
वात तगली तर पाय टाकायचा,
विझली तर झाकण उघडं ठेवून घरी यायचं.
उद्या.

एका वर्षी जोंधळा काढायची घाई होती,
कंदिलात रॉकेल नव्हतं.
त्यापुढचं घरात कुणी बोलत नाही.

आता मी बेळगावात, तिसऱ्या मजल्यावर,
खिडक्यांना काळा कागद डकवलेल्या खोलीत
तांबड्या दिव्याखाली काम करते.
कुप्यांना चंदेरी कागद गुंडाळलेला,
नाहीतर औषध वेळेआधीच जागं होतं.
बसलिंग दाराबाहेरून विचारतो, "बरलेनरी?"
आणि मी सगळं झाकून मगच हो म्हणते.

गाठ भराभर वाढते, रक्ताच्या वाटा मागं राहतात,
तिच्या पोटात हवा पोचत नाही.
जुन्या औषधांना उजेडाबरोबर हवाही लागायची.
तिथं उतरली की ती काकासारखी.

आमचा रेणू उलट्या काळजाचा.
हवा असेल तिथं मुका,
नसेल तिथं पेटतो.
परवा पडद्यावर उंदराच्या मांडीत
हरभऱ्याएवढा ठिपका उजळला
आणि मी मूठ आवळून बसले,
मुठीत दोरी असल्यासारखी.

मग दुसरा उजेड, गडद तांबडा,
मांसातून आरपार जाणारा.
त्यानं रेणूची एक कडी तुटते,
आतलं विष तिथंच सांडतं.
तिथंच, असं अहवालात लिहिलंय मी.
सात उंदरांपैकी चारांत.

रविवारी निपाणीहून काकू आली, यल्लुबाई.
त्या वर्षापासून तंबाखूच्या वखारीत चाळणी धरलेली,
आता जिभेखाली गाठ.
सोमवारी किरणांची तारीख, जुन्याच मशिनवर.
"तुझ्या त्या दिव्याचं काय झालं गे?"
मी चारांचं सांगितलं, मग तिघांचं.
ती अर्ध्या तोंडानं हसली,
"उंदरं तरी बरी व्हायलीत म्हण."

जेवण तिला गेलं नाही. पेजेची वाटी सारून
तिनं माझ्या मोबाइलची बॅटरी मागून घेतली,
तळव्याखाली धरली.
तंबाखूनं काळी पडलेली बोटं
आतून तांबडी झाली.

बराच वेळ वाकून बघत होती.
"आत हवा हाय काय गे?"

मी काही म्हणायच्या आत
तिनंच बटण दाबलं.
"असू दे. चार्जिंग संपंल तुझं."